तिसऱ्या माणसाचा कागद

"हा कागद तुमच्यासाठी नाही. आमच्यासाठी आहे."

एवढंच म्हणाला तो. तोऱ्यात नाही, हसण्यावारीही नाही. किराणा दुकानदार डब्यांवर हात ठेवून "ही तूर, ही मसूर" सांगतो तितक्या सरळपणे. आल्बेनिया मागं टाकून कोसोव्होत शिरताना मोरिनाचा नाका लागतो. पासपोर्टची खिडकी ओलांडली की कडेला गाड्यांचा विमा विकणाऱ्या छोट्या खोल्या असतात, त्यातल्या एकीपुढं मी उभी होते. जूनचं ऊन, अंगात जाड जाकीट, हेल्मेट कोपरात अडकवलेलं, हातमोजे दातात. गाडीची जर्मन नंबरप्लेट बघून त्यानं थेट जर्मनमध्ये सुरुवात केली. कोसोव्होतल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी जर्मनीत किंवा स्वित्झर्लंडमध्ये राबत असतं, त्यामुळं तिथं जर्मन भाषा मराठवाड्यातल्या हिंदीइतकी सहज कानावर पडते. प्रिंटरमधून कागद सरकत बाहेर येत होता. मी पैसे मोजता मोजता विचारलं, की समजा माझी गाडी घसरली, मोडली, तर यातून काय मिळेल? त्यानं कागद शिक्का मारायला पुढं ओढला, शिक्का मारला, आणि मग ते वाक्य म्हणाला.

त्या क्षणी मला राग आला होता. खोटं कशाला सांगू. गेले तीन महिने मी या प्रवासाचे कागद गोळा करत होते आणि प्रत्येक कागदापाशी मनात एकच प्रश्न असायचा: मला काय मिळणार? गाडी बंद पडली तर ओढून कोण नेणार, हात मोडला तर दवाखान्याचं बिल कोण भरणार, चोरीला गेली तर भरपाई किती. आणि हा माणूस माझ्याकडून पैसे घेऊन सांगतो की यात तुमचं काहीच नाही. जेवणाच्या एका ताटाएवढे पैसे होते ते, सवाल पैशांचा नव्हता. कागदाची घडी घालून टाकीवरच्या पिशवीत सारली, गाडी सुरू केली, आणि पुढच्या वळणापर्यंत ते वाक्य हेल्मेटच्या आत घुमत राहिलं. ते अजून गेलेलं नाही.

श्टुटगार्टमधल्या आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल मार्चपासूनच नकाशानं व्यापलेलं होतं. तिथून निघायचं, आल्प्स ओलांडून स्लोव्हेनिया, क्रोएशियाचा किनारा, माँटेनेग्रो, आल्बेनिया, कोसोव्हो, उत्तर मॅसिडोनिया, आणि ग्रीसमधून बोटीनं इटलीला परत. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन, चेन्नईत बनलेली आणि मागच्या नंबरप्लेटवर श्टुटगार्टचा 'एस' लावून फिरणारी. परवाना इथलाच; भारतातला परवाना जर्मनीत राहायला आल्यावर सहा महिनेच चालतो, त्यामुळं कागलला बारावीत असताना ज्या मुलीनं वडिलांच्या गाडीवर हायवे पालथा घातला होता तिनं पस्तिशीत पुन्हा लेखी परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा दिली होती. हे सगळं झालेलं. राहिला होता विमा. इथले मोटरसायकलवाले विम्याविषयी ज्या गांभीर्यानं बोलतात ते सुरुवातीला मला नवलाचं वाटायचं. आज सगळे जिला मोटारवाल्यांचीच मानतात ती जर्मनीतली सर्वांत मोठी वाहनसंघटना, एडीएसी, १९०३ साली याच श्टुटगार्टमध्ये मोटरसायकलवाल्यांनी सुरू केली होती, हे मला एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं फार अभिमानानं सांगितलं होतं.

विमा कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईंनी देशांची नावं एकेक करून घेतली. प्रत्येक नावानंतर "आहे" म्हणायच्या. स्लोव्हेनिया, आहे. क्रोएशिया, आहे. माँटेनेग्रो, आहे. आल्बेनिया, आहे, पण ग्रीन कार्ड, म्हणजे परदेशात आपला विमा चालतो याचा पुरावा, जवळ ठेवा. उत्तर मॅसिडोनिया, तसंच. कोसोव्हो म्हटल्यावर त्या थांबल्या. कळफलकाचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तिथं आमचं कार्ड चालत नाही. सीमेवर वेगळा विमा घ्यावा लागेल. आणि तो घ्याच." शेवटचे तीन शब्द त्यांनी जरा दाबून उच्चारले. मी तेव्हा "हो हो" म्हटलं. नंतर इथल्या एका मराठी मित्राशी बोलताना तो म्हणाला, "दोन दिवसांचा तर प्रश्न. कोण बघतंय?" आणि मलाही घटकाभर तसंच वाटलं. कोण बघतंय.

ग्रीन कार्ड आता हिरवं नसतं. जुलै २०२० पासून ते पांढऱ्या कागदावर छापलेलं चालतं, त्यामुळं माझं तर ईमेलनं आलं आणि घरच्या प्रिंटरवर निघालं. थोडं वाईटच वाटलं. एवढ्या मोठ्या नावाचा कागद, आणि हातात आली विजेच्या बिलासारखी पांढरी चिठ्ठी. पण वाचायला घेतलं तर त्यात रमले. गाडीचा नंबर, पॉलिसीचा नंबर, कधीपासून कधीपर्यंत. गाडीच्या प्रकारासाठी एक अक्षर: 'ए' म्हणजे मोटार, 'बी' म्हणजे मोटरसायकल, 'सी' म्हणजे ट्रक किंवा ट्रॅक्टर. आणि 'डी' म्हणजे 'मदतीला इंजिन लावलेली सायकल'. हे वाचल्यावर मला एकदम लूना आठवली, पायडल मारत सुरू होणारी, आमच्या बाईंची. खाली देशांच्या खुणांच्या चौकटी. जिथं कंपनी जबाबदारी घेत नाही ती चौकट फुलीनं खोडलेली. युरोपचं कार्ड म्हणतात, पण त्यात मोरोक्को आहे, ट्युनिशिया आहे, इराणसुद्धा आहे. आणि कोसोव्हो खोडलेलाही नाही. त्याची चौकटच नाही. खोडलेल्या नावाला निदान जागा तरी असते.

या कागदाचा जन्म १९४९ सालचा, युद्धातून नुकत्याच उठलेल्या युरोपातला. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या एका समितीनं शिफारस केली आणि १ जानेवारी १९५३ पासून तो प्रत्यक्ष चालू झाला. अडचण साधी होती. जर्मनीतली गाडी आल्बेनियातल्या माणसाला धडकली तर त्या माणसानं कुणाकडं जायचं? गाडीवाला दोन दिवसांत निघून जाणार. त्याची कंपनी हजारो किलोमीटरवर, तिची भाषा वेगळी, कायदा वेगळा. म्हणून प्रत्येक देशात एक कचेरी ठेवली. लागलेल्या माणसानं आपल्याच देशातल्या कचेरीकडं जायचं, आपल्याच भाषेत तक्रार मांडायची, आपल्याच देशाच्या कायद्यानं भरपाई घ्यायची. मग ती कचेरी गाडीवाल्याच्या देशातल्या कचेरीकडून पैसे वसूल करणार. हे सगळं माझ्या पाठीमागं चालणार, मला त्यातलं काही करावं लागणार नाही, आणि त्या माणसाला तर मुळीच नाही. पुढं १९७२ साली युरोपीय समुदायानं ठरवलं की आपसातल्या सीमांवर विम्याचे कागद तपासायचेच नाहीत, नंबरप्लेट हाच पुरावा. आणि जर्मनीत तो खरंच पुरावा असतो. विमा कंपनीनं आकडा दिल्याशिवाय इथं नंबरप्लेट मिळत नाही. हप्ता थकला तर कंपनी परिवहन कचेरीला कळवते आणि प्लेटवरचा शिक्का खरवडून काढला जातो.

म्हणजे माझ्या गाडीच्या मागच्या त्या पत्र्यावर एक वचन लिहिलेलं होतं, आणि ते मला दिलेलं नव्हतं.

आपल्याकडं याला 'थर्ड पार्टी' म्हणतात. आमच्या घरी हा शब्द दर वर्षी एकदा ऐकू यायचा, बाबांच्या गाडीचा विमा संपायला आला की. "फुल करायचा का थर्ड पार्टीच?" आणि ठरलेलं उत्तर, "थर्ड पार्टीच कर, पोलिसानं धरायला नको." पोलिसासाठी घ्यायचा कागद अशीच त्याची ओळख. त्या पॉलिसीच्या मागं बारीक अक्षरांत असायचं की वेगळे पैसे भरले तर विमा बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीवपर्यंत वाढवता येतो. लहानपणी मी ती नावं वाचून बाबांना विचारायचे की मालदीवला गाडी कशी न्यायची. थर्ड पार्टी म्हणजे कोण, हे मात्र कधी विचारलं नाही. पहिली पार्टी गाडीवाला, दुसरी कंपनी, आणि तिसरी? तिसरा माणूस कागदावर नसतोच. तो अजून भेटलेला नसतो.

आमच्या घरात तो होता. माझा मामा.

मामा निपाणीचा, तंबाखूच्या वखारीत कारकून. त्याच्या शर्टाला, वहीला, अगदी त्यानं आणलेल्या पेढ्यांच्या पुडक्यालाही तंबाखूचा गोडसर उग्र वास यायचा. १९९३ साली राखीपौर्णिमेला तो आईकडं कागलला आला होता, सायकलवर. एसटीचे पैसे वाचवायला नाही, त्याला सायकल आवडायची. आईनं नारळीभाताचा डबा बांधून दिला. संध्याकाळी परत निघाला आणि कोगनोळीचा नाका ओलांडून कर्नाटकात शिरल्यावर थोड्या अंतरावर मागून एका राजदूतनं त्याला उडवलं. राजदूतवर दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या होत्या. गाडीवाला पोरगेलासा, डेअरीची वेळ गाठायला निघालेला. मामाची मांडी मोडली. मिरजेला नेलं, आत सळई घातली, तीन महिने तो खाटेवर होता. मामीच्या पाटल्या त्याच महिन्यात गेल्या. मी नऊ वर्षांची होते. मला आठवतो तो दवाखान्यातला फिनेलचा वास आणि त्यातूनही येणारा मामाचा तंबाखूचा वास, आणि मनगटावर तशीच राहिलेली आईची राखी, तिच्या गोंड्याला सुकलेलं रक्त.

राजदूतचा विमा नव्हता. कायद्यानं असायला हवा होता, नव्हता. पंचनामा कानडीत झाला. मामा मराठी शाळेत शिकलेला. त्याच्याच पायाची हकीकत त्याला कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागली. आमचे काका, मामीचे भाऊ, सगळे जमले आणि कोर्टात जायचं ठरवू लागले. विमा असता तर कंपनीवर दावा लागला असता. आता दावा लागणार त्या पोराच्या नावानं. त्याच्याकडं दोन म्हशी होत्या आणि काही गुंठे जमीन, ती पण भावाभावांत. खाटेवर पडल्या पडल्या मामानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्येच्याकडं काय हाय घ्यायला? म्हशी घिऊ व्हय?" मामी तोंडाला पदर लावून आत गेली. ती मामावर रागावली होती, आणि माझ्या मते तिचं चुकलं नव्हतं. पाटल्या तिच्या गेल्या होत्या.

तो पोरगा दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मामाच्या दारात दोन लिटर दूध ठेवून जाऊ लागला. कुणी सांगितलं नव्हतं. मामीनं पहिल्या आठवड्यात ते दूध घेतलंच नाही, उंबऱ्यावर भांडं तसंच असायचं, माश्या बसायच्या. मग एक दिवस घेतलं. पुढं वर्षभर तो येत राहिला. दिवाळीच्या सुट्टीत मी निपाणीला गेले तेव्हा त्याला पाहिलं. मान वर करून बघायचा नाही, भांडं ठेवायचा, घंटी न वाजवता सायकल ढकलत निघून जायचा. राजदूत त्यानं विकली होती. त्या घराचंही त्या अपघातात काय काय गेलं असेल याचा विचार मी फार उशिरा केला. मामा पुढं चालायला लागला, एक पाय जरा ओढत. वखारीत त्याला उभ्याचं काम जमेना म्हणून पगार कमी झाला. दोन घरं एका संध्याकाळी खाली बसली.

हे राज्याच्या सीमेमुळं झालं असं कुणी म्हणेल तर मला ते पटणार नाही. विमा असता तर तो भारतभर चाललाच असता, कोगनोळीच्या अलीकडं आणि पलीकडं सारखाच. सीमेनं फक्त कागदांची भाषा बदलली. मूळ कागदच नव्हता.

माँटेनेग्रोतल्या उल्त्सिनहून निघून मुरिचानच्या नाक्यावर मी आल्बेनियात शिरले. तिथं पहिल्यांदा कुणीतरी ग्रीन कार्ड मागितलं. पोलीस माझ्या वडिलांच्या वयाचा. त्यानं कागद उन्हात धरला, अंगठा चौकटींवरून खाली नेत नेत आपल्या देशाच्या खुणेशी आणला, फुली नाही हे पाहिलं, आणि परत देताना छातीला हात लावला. त्या दिवशी मला वाटलं होतं की तो मला नमस्कार करतोय. श्कोडरला एका घरगुती खानावळीवजा ठिकाणी उतरले. अंगणात द्राक्षाचा मांडव, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मालकिणीनं न विचारता आणून ठेवलेलं कलिंगड. कागदांची पिशवी घामानं ओलसर झाली होती म्हणून सगळे कागद टेबलावर पसरून वाळत घातले, त्यात विमा कंपनीनं पाठवलेला अपघाताचा फॉर्म होता.

हा फॉर्म युरोपात राहणाऱ्या बहुतेकांच्या गाडीत कुठंतरी कोंबलेला असतो आणि कुणी तो उघडून बघत नाही. मी त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिला. भाषा कुठलीही असो, त्याची आखणी सगळ्या देशांत एकच असते, रकान्यांचे क्रमांकही तेच. त्यामुळं मी जर्मन फॉर्म भरावा, समोरच्यानं आपल्या भाषेतला शेजारी धरून बघावा, आणि दोघांना कळावं की बाराव्या रकान्यात काय विचारलंय. डावीकडं निळा भाग, वाहन 'अ'. उजवीकडं पिवळा भाग, वाहन 'ब'. मधोमध सतरा चौकटी, काय घडलं ते सांगणाऱ्या. आठवी: एकाच दिशेनं, एकाच मार्गिकेत जाताना मागून धडक. सतरावी: दुसऱ्याला आधी जाऊ द्यायची खूण किंवा लाल दिवा पाळला नाही. दहाव्या रकान्यात छोटी छोटी चित्रं, धडक पहिली कुठं बसली तिथं बाण काढायचा. अकराव्यात दिसणारं नुकसान. तेराव्यात चौकटीचा कागद, त्यावर रस्ता काढायचा. चौदाव्यात आपलं म्हणणं. आणि खाली दोघांच्या सह्या, शेजारी शेजारी, एकाच कागदावर. ही सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, फक्त घडलं ते असं घडलं यावर दोघांची संमती. भांडण नंतर, आधी दोघांनी मिळून चित्र काढायचं. मला हे फार सुंदर वाटलं. ज्यानं कुणी हे आखलं त्यानं रस्त्याच्या कडेला थरथरत्या हातानं उभी असलेली दोन माणसं डोळ्यांसमोर आणली असली पाहिजेत.

दिव्याभोवती किडे घोंघावत होते आणि मी मनातल्या मनात तो फॉर्म १९९३ चा भरत बसले. वाहन 'अ', राजदूत. वाहन 'ब', सायकल. चौकट आठ. जखमी, होय. साक्षीदार, नाक्यावरचा चहावाला. विमा कंपनी, पॉलिसी क्रमांक. तिथं येऊन थांबले.

दोन दिवसांनी कुकसचा तलाव मागं टाकून मोरिनाकडं चढले. हा नाका मी फक्त नावानं ओळखत होते. १९९९ च्या वसंतात कोसोव्होतून हाकललेली माणसं इथूनच आल्बेनियात उतरली, ट्रॅक्टरवर, पायी, म्हाताऱ्यांना हातगाड्यांवर घालून. चार लाखांहून जास्त माणसं त्या काही आठवड्यांत आल्बेनियानं घेतली, आणि त्यांतली कितीतरी याच वाटेनं आली. सीमेवर त्यांची ओळखपत्रं काढून घेतली जात होती आणि गाड्यांच्या नंबरप्लेटसुद्धा उचकटल्या जात होत्या, परत यायचा पुरावाच राहू नये म्हणून. नऊ वर्षांनी, फेब्रुवारी २००८ मध्ये, कोसोव्होनं स्वतःला स्वतंत्र जाहीर केलं. भारतानं अजून त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्या देशाच्या लेखी जो देशच नाही त्यात मी भारतीय पासपोर्ट आणि जर्मन वास्तव्याचं कार्ड घेऊन शिरत होते, आणि जिथं एकेकाळी नंबरप्लेट उपटल्या तिथला एक तरुण माझ्या नंबरप्लेटचा आकडा दोनदा तपासून विम्याच्या कागदावर चढवत होता. "आमच्यासाठी आहे" म्हणणारा तो तरुण फार तर तिशीचा होता. १९९९ मध्ये तो कुठल्या तरी ट्रॅक्टरवर असेल का, हे मला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. तो पुढच्या गाडीकडं वळला होता.

प्रिझ्रेनला मुक्काम केला. दगडी पुलाखालून नदी खळखळत होती, सिनान पाशा मशिदीतून बांग झाली, पोरंटोरं रात्री अकरापर्यंत आईस्क्रीम खात हिंडत होती. दुसऱ्या दिवशी प्रेव्हालाची खिंड चढून मॅसिडोनियाकडं निघाले. वर गेलं की पाइनचा वास आणि कडेला मेंढीच्या दुधाचं खारट चीज विकणाऱ्या टपऱ्या. उतारावर, आंधळ्या वळणाच्या बरोबर पलीकडं, रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा गाय घेऊन चालला होता. मी दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक जरा सरकलं, गाडी सरळ राहिली, आणि माझा हेडलाइट त्याच्या कंबरेपासून दोन हातांवर थांबला. गायीनं मान वळवून बघितलं. म्हातारा हलला नाही. मग त्यानं पुढं येऊन तळहात हेडलाइटवर ठेवला, बैलाच्या कपाळावर ठेवतात तसा, काहीतरी पुटपुटला आणि गायीला घेऊन कडेला झाला. त्याच्या हातात प्लॅस्टिकची बादली होती. त्यात तळाशी थोडं दूध होतं.

पुढच्या टपरीशी गाडी उभी केली आणि बसून राहिले. हात थांबेनात. टाकीवरच्या पिशवीतून तो शिक्क्याचा कागद काढला. आल्बेनियन भाषेतला, मला एक ओळ कळत नव्हती. पण तो म्हातारा त्याच्या भाषेत तो वाचू शकला असता. त्याला कुणाकडून वाचून घ्यावा लागला नसता. विमा हा आपला शब्द फारसीतून आलाय, 'बीम' म्हणजे भीती. जर्मनमध्ये याच विम्याच्या नावात कर्तव्य हा शब्द आहे. त्या टपरीशी बसून मला दोन्ही शब्द एकदम कळत होते, आणि त्या मित्राचं "कोण बघतंय" सुद्धा. म्हातारा बघत होता, दोन हातांवरून, डोळे न मिटता.

बाकीचा प्रवास चांगला झाला. ओह्रिडचं तळं बघितलं, ग्रीसमध्ये पाऊस लागला, इगुमेनित्साहून बोट पकडली. एकही फॉर्म भरावा लागला नाही.

डिसेंबरात घरी गेले तेव्हा निपाणीला एक दिवस राहिले. मामा आता सत्तरीच्या पुढं, मामी मागच्या साली गेली. ओसरीवर ऊन खात बसला होता, तो पाय पुढं पसरून. वखार कधीच सोडली, तरी तंबाखूचा वास आहे, की मलाच येतो कुणास ठाऊक. फोटो दाखवले, म्हाताऱ्याची आणि गायीची गोष्ट सांगितली, मग कागदांची पिशवी उघडली. कोसोव्होचा कागद त्यानं दोन्ही हातांत धरून पाहिला, उलटून पाहिला. "म्हंजे ह्यो तू त्येला धडाकली असतीस तर त्येच्या कामाचा." "हो मामा." "तुला काय न्हाई." "नाही." बराच वेळ त्यानं तो कागद मांडीवर ठेवला, सळईच्या मांडीवर.

मग मी अपघाताचा फॉर्म काढला आणि कुठल्या चौकटीत काय लिहितात ते सांगितलं. त्यानं चष्मा मागवला. बॉलपेन मागवलं. मला वाटलं नुसतं बघायला घेतोय, पण तेराव्या रकान्यात त्यानं रस्ता काढला, नाका काढला, वडाचं झाड काढलं, सायकलचा बाण आणि राजदूतचा बाण. कारकुनाचा हात, रेघ अजून सरळ येते. "त्यो गेला न्हवं का चार सालांमागं," मध्येच म्हणाला, "मी गेलतो मातीला." मग अकराव्या रकान्यावर आला, दिसणारं नुकसान. बोट डावीकडं ठेवून विचारलं, "ह्यो त्येचा?" मी हो म्हटलं. तिथं त्यानं वळणदार अक्षरांत लिहिलं: दूध, ४० लिटर. उजवीकडच्या पिवळ्या रकान्यात काहीच लिहिलं नाही, सही तेवढी केली, आणि पेनाला टोपण लावलं.